वैमानिकाची उंची आणि विमानाचें छप्पर

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू सहा फूट चार इंच वाढला आहे, आणि त्यास विमान चालविणें शिकावयाचें आहे. घरांत यावर खल चालला असतां आम्हीं त्याच्या हातीं रोआल्ड डाल यांचें ‘गोइंग सोलो’ हें १९८६ सालचें आत्मकथन दिलें. मुलांच्या परिचयाच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’चे हे कर्ते तरुणपणीं लढाऊ वैमानिक होते, आणि त्यांची उंची साडेसहा फूट होती!

१९३९ च्या अखेरीस नैरोबी येथें ते टायगर मॉथ विमानावर शिकूं लागले. या विमानाची बैठक उघडी. वारा अडविण्यास पुढें एक लहानशी कांच. त्यांतून बसावयाचें तें हवाई छत्रीच्या गठ्ठ्यावर. त्यामुळें डाल यांचें मस्तक कांचेच्या वर निघे आणि वाऱ्याच्या झोतांत श्वास घेणें कठीण होई. क्षणभर खालीं वांकून दम घ्यावा, पुन्हा वर पाहावें, असा क्रम! शेवटीं नाकातोंडावर पातळ सुती कापड बांधून त्यांनीं मार्ग काढला.

बंदिस्त विमानांत तऱ्हा निराळी. वेग हवा तर वाऱ्याचा अडसर कमी पाहिजे, म्हणून रचनाकार विमानाचें अंग अरुंद आणि छप्पर ठेंगणें ठेवतो. १९४१ च्या एप्रिलांत डाल यांनीं हरिकेन विमान ईजिप्तहून ग्रीसला नेलें. साडेचार तास अंग मुडपून बसल्यामुळें पायांस असे गोळे आले कीं, त्यांस इतरांनीं उचलून बाहेर काढलें. स्पिटफायरच्या आरंभींच्या विमानांचें छप्परही माथ्यावर सपाट होतें. पुढें तें फुगीर करण्यांत आलें.

उभ्याची उंची आणि बसल्याची उंची या मात्र दोन निराळ्या वस्तु आहेत. वर्गांत आम्हीं हें नित्य पाहिलें: उभे असतां खांद्यास खांदा लागणारे दोन विद्यार्थी बाकावर बसले कीं मागच्यास फळा दिसेनासा होई. ज्याचें धड लांब त्याचें मस्तक छपरास टेकतें. ज्याचे पाय लांब त्याचे गुडघे यंत्रफलकाखालीं अडतात. म्हणून नुसता फुटांचा आंकडा न विचारतां, कानांवर हेडफोन चढवून, पट्टा आवळून प्रत्यक्ष बसून पाहावें. हवेच्या खळबळींत विमान एकाएकीं खालीं जातें, वैमानिक क्षणभर जागच्या जागीं राहतो, आणि डोकें छपरावर आदळतें. बैठकीची गादी काढून जागा करणेंही शहाणपणाचें नव्हे. कित्येक गाद्या आपटीचा आघात कण्यास बसूं नये म्हणूनच घातलेल्या असतात.

नातवानें हें ऐकून घेतलें. शिकवणीची फी भरण्यापूर्वीं तो त्या विमानांत अर्धा तास बसून येणार आहे; त्याच्या आजीनें सोबत जाण्याचें ठरविलें आहे.