४० मायक्रॉनांतली चकाकी

आजकालच्या मोटारीवर हात फिरवताना आपला हात रंगाला लागतच नाही. पत्र्यावर आधी विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे बहुतेकांच्या केसाहूनही बारीक. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा हे सारे तोच झेलतो आणि गाडीची चकाकीही त्याच्याच सपाटपणावर अवलंबून असते. पॉलिश करणे म्हणजे हा थर किंचित खरवडून सपाट करणे. एकदा खरवडलेला थर परत येत नाही, म्हणून पायऱ्यांच्या क्रमाला इतके महत्त्व.

उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळे दिसते. ते ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात! ते सर्व दिशांना पसरलेले असतात. पण ज्यांचा कोन जुळतो तेवढेच सूर्यप्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे उमटल्याचा भास होतो. यातले बरेच ओरखडे धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवल्याने पडतात. म्हणून सुरुवात भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुण्यापासून.

धुतलेली गाडीही स्वच्छ झालेली नसते. ब्रेक लागताना डिस्कचे तापलेले लोहकण उडतात आणि क्लिअर कोटवर रुतून बसतात. त्यांच्यासाठी असलेला द्रव फवारला की लोखंडाशी अभिक्रिया होऊन पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. हे दृश्य पाहिलेला माणूस ही पायरी पुन्हा कधी गाळत नाही. उरलेला डांबराचा आणि झाडाच्या चिकाचा अंश क्ले बार नावाच्या मऊ वडीने निघतो. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पृष्ठभागावर बोटे फिरवली, तर डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणाही जाणवतो. क्ले स्वतः बारीक खुणा सोडतो, म्हणून तो पॉलिशच्या आधीच वापरायचा.

आता घासणे. आधी जाडी मोजावी, कडांना चिकटपट्टी लावावी, कारण कडांवर थर पातळ असतो. मग एका लहान चौकोनावर सर्वांत सौम्य पॉलिश करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तरच कंपाउंड. त्यातले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण आधी खोल खुणा कापतात. त्या कापणीने आलेला धुरकटपणा नंतर बारीक पॉलिश घालवते. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावे. त्याचे पॅड फिरताना सरकतही राहते, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही.

सर्वांत दुर्लक्षित पायरी यानंतरची, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पॉलिशमधले तेल ओरखड्यांत भरून राहते आणि गाडी आहे त्याहून छान दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने ती पुसली की खरे काम उघडे पडते. शिवाय तेलावर सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांसारखा संरक्षक थर नीट धरत नाही.

म्हणूनच मेण शेवटी. उत्तम मेण कारनौबा, ईशान्य ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरचे. ते वितळायला ८० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. ते सीलंटवर चढवता येते, पण आधी मेण लावले तर सीलंटला धरायला क्लिअर कोटच सापडत नाही.

सिरॅमिक कोटिंग करायचे असेल तर हवेकडेही लक्ष हवे. हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया होऊनच ते कठीण होते. त्यामुळे मुंबई-कोकणाच्या दमट पावसाळ्यात एकावेळी छोटाच भाग घ्यावा आणि जास्तीचा द्रव लगेच टिपावा. राहून गेलेला थेंब कडक होऊन काळसर डाग पडतो, आणि तो काढायला तेवढ्या जागेवर पुन्हा पॉलिश करावे लागते.