गाळ शेतकऱ्याचा, मुरूम रस्त्याचा

बुलढाणा जिल्ह्यात 2018 च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेने 134 जेसीबी आणि पोकलेन उतरवले. मोहिमेचे नाव ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’. वाटणी अशी होती: यंत्रे संस्थेची, डिझेल शासनाचे आणि निघालेला गाळ आपापल्या वावरात नेऊन टाकण्याचा खर्च ज्याचा त्याचा. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या महामार्गांचे ठेकेदार भरावासाठी नदी-नाल्यांतला, तलावांतला मुरूम उचलत होते. रस्त्याला भर मिळाली आणि तलाव खोल झाले. केंद्रीय रस्ते मंत्री नितीन गडकरी हे उदाहरण ठिकठिकाणी सांगू लागले, निती आयोगाने दखल घेतली आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव रूढ झाले.

लोकांच्या बोलण्यात ही दोन्ही कामे आता एकच झाली आहेत. कुणाला त्यात चमत्कार दिसतो, कुणाला लूट. मला तो साधा व्यवहार वाटतो. ज्या कामात प्रत्येकाला स्वतःचा काही फायदा दिसत होता ते काम झपाट्याने झाले, आणि ज्यात कुणालाच लगेच काही मिळणार नव्हते ते मागे पडले. पुढचे गैरसमज या नजरेने पाहिले की बरेच सुटतात.

“हा कंपन्यांचा आणि संस्थांचा दानधर्म; गावाने फक्त हार घालायचे”

कंपनी कायदा 2013 चे कलम 135 असे सांगते की ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायचे. त्या कामांच्या यादीत माती-पाण्याचे जतन स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा तलावावर सीएसआरचा फलक लागला तर तो कायद्याने ठरवून दिलेला खर्च आहे. हार घालायला हरकत नाही, पण किती घनमीटर गाळ निघाला हे विचारायलाही संकोच नको.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा पहिला शासन निर्णय मे 2017 चा. त्यात गाळ वाहून नेण्यासाठी शेतकऱ्याला पैसे नव्हते. 2023 मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा दर ठरले: गाळ उपसायला घनमीटरला 31 रुपये, वावरात नेऊन पसरवायला 35 रुपये 75 पैसे. म्हणजे शासनाच्याच हिशेबात खोदाईपेक्षा वाहतूक महाग आहे. 2018 मध्ये हा मोठा वाटा बुलढाण्याच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून उचलला. फलकावर मात्र त्यांची नावे नसतात.

आता अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकरी, विधवा, अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबे यांना एकरी 15 हजारांच्या मर्यादेत, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी 37,500 रुपये मिळू शकतात. मोठ्या शेतकऱ्याने गाळ जरूर न्यावा, पण स्वखर्चाने.

“हायवेवाल्यांनी गावाचा मुरूम फुकटात नेला”

महामार्गाच्या भरावाला प्रचंड माती लागते. ती तलावातून नेली नाही तर टेकडी फोडून किंवा कुणाच्या तरी शेतात खड्डा पाडून आणावी लागते. तो खड्डा पुढे कुणाच्याच कामाचा राहत नाही. खड्डा पडणारच असेल तर तो पाणी साठेल अशा जागी पडावा, एवढाच या पॅटर्नमागचा विचार आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारातही महामार्गाच्या मुरुमातून अशीच तळी झाली.

अर्थात ठेकेदाराने हे उपकार म्हणून केलेले नसते. जवळ मिळणारा मुरूम त्याची वाहतूक वाचवतो. शिवाय धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात होणारे काम कायद्याने सीएसआरमध्ये धरता येत नाही, म्हणून ‘आम्ही तळे खोदून दिले’ हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तलावाच्या तळाशी वर काळा चिकण गाळ असतो, खाली मुरूम. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते; रस्त्याच्या भरावाला ती चालत नाही. शेतकऱ्याला खालच्या मुरुमाचा उपयोग नाही. एकाच खड्ड्यात दोन थर आणि दोन गिऱ्हाइके असतात, म्हणून आधी शेतकऱ्याने गाळ न्यावा, मग ठेकेदाराने मुरूम, हा क्रम सांभाळावा लागतो. घाई झाली की टिप्पर गाळ काठावर लोटून मुरूम उचलतात आणि पहिल्याच पावसात तो गाळ परत तलावात येतो. भिंतीच्या पायथ्यापासून पुरेसे अंतर सोडले आहे का, हेही गावानेच उभे राहून पाहायचे. ठेकेदाराचा रोजंदारीचा माणूस ते पाहणार नाही.

“गाळ टाकला की कुठलेही वावर पिकते”

जिल्ह्यातले लोक पत्ता सांगताना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे सांगतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. पैनगंगा आणि खडकपूर्णेचे पाणी पुढे गोदावरीला मिळते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. तिथली पूर्णा तापीला मिळते. गाळाचा प्रश्न दोन्हीकडे एकसारखा नाही.

घाटावरच्या उतारावरची हलकी, मुरमाड राने पाणी धरत नाहीत. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली की सोयाबीन माना टाकते. अशा रानात चिकणमातीचा थर मिसळला की ओल जास्त दिवस टिकते. गाळाचा खरा गुण हाच आहे. त्यात थोडे सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्येही असतात, पण म्हणून तो शेणखताची जागा घेत नाही.

प्रमाणाचा अंदाज घ्यायचा तर अनुदानाची मर्यादा पाहावी: एकरी 400 घनमीटर. एवढा गाळ एकरभर सारखा पसरला तर साधारण 10 सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडा जास्त थर होतो. ब्रासमध्ये मोजले तर सुमारे 140 ब्रास. ब्रासभर बसणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला एका एकरासाठी 140 खेपा माराव्या लागतील. ‘दहा-बारा ट्रॉल्या टाकल्या, काही फरक पडला नाही’ ही तक्रार का ऐकू येते ते यावरून कळते. तेवढाच गाळ तलावात 4 लाख लिटर पाण्याची जागा मोकळी करतो.

घाटाखालच्या काळ्या, खोल, भारी रानाला आणखी चिकणमातीची गरजच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर नाहीच. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात माती चोपण आहे, पाण्याचा निचरा होत नाही आणि जमिनीतले पाणी खारे आहे. तिथे जिप्सम, निचऱ्याचे चर आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारी शेततळी उपयोगी पडतात. शेजारच्या तालुक्यात गाळाने उत्पादन वाढले म्हणून खारपाणपट्ट्यातल्या माणसाने ट्रॉल्या भाड्याने घेऊ नयेत. गाळ नेण्याआधी आपली माती आणि तलावातला गाळ दोन्ही तपासून घ्यावेत. जिल्ह्यात बुलढाणा आणि जळगाव जामोद अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत, सल्ला तिथे मिळतो. शहराचे सांडपाणी येणाऱ्या तलावातला गाळ तपासणीशिवाय अजिबात नको.

“गाळ नेला तर तलाठी दंड लावील”

योजनेतून रीतसर मागणी करून स्वतःच्या शेतासाठी नेलेल्या गाळाला रॉयल्टी नाही. गाळ विकता येत नाही आणि गाळाच्या नावाखाली वाळू उपसायला मनाई आहे. दंड होतो तो या दोन प्रकारांत.

“जितके खोल, तितके पाणी”

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, थरावर थर. वरचा झिजलेला, मुरूम झालेला थर आणि भेगाळ खडक पाणी धरतात. मधले अखंड कातळाचे थर जवळजवळ धरत नाहीत. गाळ काढून तलाव मूळ तळापर्यंत नेला तर त्याची हरवलेली क्षमता परत मिळते. त्याहून खाली मुरुमात शिरले की तळ झिरपू लागतो. पाझर तलावात ते चालते, कारण तो विहिरींना पाणी देण्यासाठीच बांधलेला असतो. पण ज्या तलावातून गाव पाणी पिते किंवा पाट सुटतो, तो उन्हाळ्याच्या आतच कोरडा पडू शकतो. नाला अवाजवी खोल केला तर काठच्या विहिरींतले पाणीच उलटे नाल्यात उतरते. एका गावाच्या फोटोत पाणी भरलेले दिसते आणि वरच्या गावाच्या विहिरी महिनाभर आधी आटतात.

खोदकामाचा आकडा म्हणजे पाण्याचा आकडा नव्हे, हे राज्याने मोठी किंमत मोजून पाहिले आहे. जलयुक्त शिवार अभियानावर 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांनी 2020 मधल्या अहवालात म्हटले. त्यातली सगळी कामे वाया गेली असे मी म्हणणार नाही, पण मोजमाप खड्ड्याचेच झाले, हे खरे.

“एकदा गाळ काढला की पंचवीस वर्षे पाहायला नको”

गाळ म्हणजे वरच्या वावरांतून वाहून आलेली माती. धुरे फुटलेले असतील, उताराला आडवी पेरणी नसेल, तर तलाव पुन्हा भरणारच. आणि हे पाणलोट बहुतांशी खाजगी शेतांचे असते. तलाव शासनाचा, पण त्याचे आयुष्य पन्नास-शंभर सातबाऱ्यांवर ठरते. व्यवहार इथे तुटतो: वरच्या शेतकऱ्याने बांधबंदिस्तीला अर्धा एकर आणि दोन दिवस दिले तर फायदा खालच्या तलावाच्या काठच्यांचा. पोकलेनवर फलक लावता येतो, धुऱ्यावर लावत नाहीत, म्हणून सीएसआरचा पैसाही तिकडे कमीच वळतो.

तरी होत नाही असे नाही. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने 2018 च्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातल्या भांडवलीसोबत विभागून राज्यात दुसरा क्रमांक मिळवला. तिथे लोकांनी श्रमदानाने काम केले.

“तलाव भरला, आता पाण्याची चिंता मिटली”

तलावातले पाणी सर्वांचे, पण ते झिरपून विहिरीत उतरले की ज्याची मोटर त्याचे. भरलेला तलाव पाहून खालच्या शिवारात नव्या बोअरच्या गाड्या येतात आणि हरभऱ्याच्या जागी बारमाही पाणी मागणारी पिके उभी राहतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 प्रमाणे 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर ही ‘खोल विहीर’, आणि शेती वा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. बोअरची गाडी तिथे थांबलेली कुणी पाहिली असेल तर सांगावे.

गाळाच्या कागदपत्रांत यंत्राचे तास, डिझेलचे लिटर, घनमीटर सगळे नोंदले जाते, उपशाबद्दल मात्र एक ओळ नसते. कंपनीने किंवा संस्थेने काम सुरू करण्याआधी ग्रामसभेचा ठराव मागितला, आणि त्यात तलावाखाली नवे बोअर नाही, कोणत्या हंगामात कोणती पिके, हे लिहून घेतले, तर त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हे गावातच बसून ठरवले, आणि तिथे दरवर्षी उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरतात.