एका कढईत मासा आणि भाजी

जयपूर शहर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. उन्हाळ्यात तेथील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा नगरात मासा हे रोजच्या जेवणातील अन्न होऊ शकेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर गोड्या पाण्यात सापडते. टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बिसलपूरचे धरण आहे. त्याचे पाणी जयपूरला पुरविले जाते. रोहू, कटला व मृगळ हे मासेही अशाच जलाशयांत वाढतात.

हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालीत नाहीत. ही अडचण संशोधनाने दूर झाली. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून ह्याच कुळातील माशाची पैदास तळ्यात घडवून आणली. पुढे ह्या पद्धतीने मत्स्यबीज विपुल मिळू लागले व समुद्रापासून दूरच्या गावांनाही मासा लाभला.

मासा विकत घेताना प्रथम ताजेपणा पाहावा. डोळे चकचकीत व कल्ले लाल असावेत. बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे. रोहू हा उबदार पाण्यातील जीव असल्यामुळे त्याच्या अंगावरील जंतू उष्णतेत झपाट्याने वाढतात. बर्फात मात्र ते जवळजवळ थंडावतात. म्हणून उन्हाळ्यात मासा बर्फासह घरी आणावा व त्याच दिवशी शिजवावा.

दिवसभराच्या कामानंतर रात्री एकाच कढईत जेवण करावयाचे, तर जिन्नस कोणत्या क्रमाने घालावे हे महत्त्वाचे ठरते. भाजीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे द्रव्य सुमारे ८५ अंशांच्या पुढे हळूहळू सैल होते. म्हणून बटाटा व गाजर ह्यांना वेळ लागतो. माशाचे मांस मात्र आखूड तंतूंच्या थरांचे असते व त्या थरांना जोडणारी ऊती फार थोडी व नाजूक असते. सुमारे ६३ अंशांवर ते शिजते. त्यापुढे आच देत राहिल्यास त्यातील रस निघून जातो व तुकडे कोरडे पडून विस्कटतात.

चौघांसाठी अर्धा किलो रोहूचे इंचभर जाडीचे तुकडे घेऊन त्यांना मीठ व हळद लावून ठेवावी. कढईत मोहरीचे तेल तापवून कांदा परतावा. त्यात दोन बटाटे व दोन गाजरे ह्यांच्या फोडी, मीठ, तिखट आणि दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवावे. बटाट्यात सुरी सहज शिरू लागली म्हणजे मगच टोमॅटो व चिंचेचा कोळ घालावा. आंबटपणामुळे पेक्टिन विरघळत नाही. चिंच आधी पडली तर बटाटा कडक राहतो. रस्सा उकळला की तुकडे एका थरात ठेवून आच मंद करावी व झाकण ठेवून सुमारे दहा मिनिटे शिजवावे. डाव फिरवू नये. कढई केवळ हलवावी. तुकड्याच्या मध्यभागी मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटू लागले की मासा शिजला.

चिंचेचे आणखी एक कार्य आहे. तळ्यातील माशाला कधीकधी मातीचा वास येतो. पाण्यातील सूक्ष्मजीव निर्माण करीत असलेले जिओस्मिन हे द्रव्य त्याला कारण असते. पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधातही तेच असते. आम्लात त्याचे विघटन होते व वास कमी होतो. कोकणात समुद्राच्या माशाला लावलेले कोकम किंवा लिंबूही असाच उपयोगी पडते. तेथे वास देणारे द्रव्य निराळे असते, परंतु आम्ल त्यालाही दाबून टाकते.

अशा रीतीने आधी भाजी, मग आंबट व शेवटी मासा हा क्रम पाळल्यास एकाच भांड्यात, थोड्या इंधनात प्रथिनयुक्त व रुचकर जेवण सिद्ध होते. भाकरी किंवा भात ह्यांच्याबरोबर ते गरम असतानाच वाढावे.