शॉ, कॅरोल
(१९५५ – ). अमेरिकन संगणकतज्ज्ञ. व्हिडिओ खेळांच्या आज्ञावल्या व्यवसाय म्हणून लिहिणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. जन्म कॅलिफोर्निया राज्यातील पॅलो अल्टो येथे. कॅलिफोर्निया विद्यापीठातून (बर्कली) त्यांनी १९७७ मध्ये विद्युत् अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या विषयांतील पदवी आणि नंतर संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपादन केली. १९७८ मध्ये त्या अटारी या कंपनीत दाखल झाल्या. त्रिमितीय फुली-गोळा हा त्यांचा तेथील आरंभीचा खेळ होय. १९८० मध्ये अटारी सोडून त्या टँडेम या संगणक कंपनीत गेल्या व १९८२ मध्ये ॲक्टिव्हिजन या कंपनीत आल्या.

त्या काळी खेळाची कल्पना, चित्रे, ध्वनी व आज्ञावली ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती करीत असे. अटारी २६०० या घरगुती यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती. पडद्यावरील संपूर्ण चित्र तीत मावत नसल्यामुळे दूरचित्रवाणी संचावर रेषा उमटत असतानाच रेषेगणिक चित्र घडवावे लागे. रिव्हर रेड (१९८२) या शॉ यांच्या सर्वांत गाजलेल्या खेळात खेळाडू नदीवरून विमान नेतो, वाटेतील जहाजे व पूल उद्ध्वस्त करतो आणि संपत आलेले इंधन भरून घेतो. ही सर्व आज्ञावली ४,०९६ बाइटांत बसविलेली आहे. एवढ्या जागेत लांबलचक नदीचा नकाशा साठविणे अशक्य होते. म्हणून शॉ यांनी नदी न साठविता ती गणिताने निर्माण केली. एका ठराविक संख्येपासून आरंभ करून यंत्र पुढील संख्या काढीत जाते व त्यांवरून पात्राची रुंदी, बेटे आणि अडथळे ठरतात. संख्या यदृच्छ भासल्या, तरी आरंभ तोच असल्याने प्रत्येक डावात नदी तीच असते. त्यामुळे खेळाडूला ती सरावाने ओळखीची होते.

अटारी कंपनी खेळांवर कर्त्यांची नावे छापीत नसे. याविषयी असंतुष्ट असलेल्या चार आज्ञावलीकारांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजनच्या स्थापनेत भाग घेतला. तेथे कर्त्याचे नाव देण्याची प्रथा असल्यामुळे रिव्हर रेड खेळाडूंपर्यंत शॉ यांच्या नावानिशी पोहोचला.

१९८४ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन सोडली व १९९० मध्ये त्या व्यवसायातून निवृत्त झाल्या. २०१७ मध्ये त्यांनी आपले खेळ, आराखडे व आज्ञावल्यांच्या छापील प्रती रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथील स्ट्राँग संग्रहालयास दिल्या. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या समारंभात त्यांचा गौरव करण्यात आला. अनेक समकालीन आज्ञावलीकारांचे श्रेय अज्ञात राहिले असता, शॉ यांचे कार्य मूळ कागदपत्रांच्या आधारे अभ्यासता येते.