कंपनीचाच, पण काढलेला

मुंबईत गाडीच्या जुन्या पार्टचा विषय निघाला की बोलणं कुर्ल्यावर येतंच. सीएसटी रोडची दुकानं सगळ्यांना माहीत आहेत. बाहेर दरवाजे टांगलेले, आत इंजिनांची रास, फुटपाथवर सायलेन्सर. पण कुर्ल्यात गाड्या नुसत्या सुट्या व्हायच्या नाहीत, बनायच्याही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथलाच. पद्मिनी तिथली आणि 2001 साली आलेली फियाट पालिओही आधी तिथेच बनली, जिच्या जाहिरातीत सचिन होता ती. पुढे फियाट रांजणगावला गेली. त्यामुळे कुर्ल्यात जन्मलेली पालिओ महाराष्ट्रभर दहा-पंधरा वर्षं हिंडून पुन्हा कुर्ल्यातच सुटी होऊन टांगली जाणं, यात कुणाला नवल वाटायचं नाही. मीही पालिओवालाच, म्हणून गेल्या वीसेक वर्षांत हा बाजार फुटपाथवरून फोनमध्ये कसा गेला ते गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता आलं.

फोनच्या आधीही माल लांबून यायचा, हे सांगायला हवं. सांगलीचा मेकॅनिक मुंबईच्या दुकानदाराला एसटीडीवरून गाडीचं नाव आणि साल सांगायचा, पलीकडून 'है, भेज देता हूँ' एवढंच उत्तर यायचं, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गोणपाटात बांधलेला पार्ट सकाळी नाक्यावर उतरायचा. चुकीचा निघाला तर तसाच परत. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार होता; तिथे हातात घेऊन बघता यायचं. अल्टरनेटरची पुली बोटाने फिरवायची, कान जवळ न्यायचा, बेअरिंग खरखरलं तर खाली ठेवायचं. अनुभवी माणूस भाव विचारण्याआधी एवढं उरकून घ्यायचा.

या धंद्यात मालाच्या जाती ठरलेल्या. 'ओरिजनल' म्हणजे कंपनीच्या डब्यातला नवा. 'लोकल' म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला, उघडपणे. 'डुप्लिकेट' म्हणजे कंपनीचा खोटा डबा चढवलेला. आणि 'काढलेला', म्हणजे कंपनीचाच पण दुसऱ्या गाडीतून उतरवलेला. नव्या लोकलपेक्षा काढलेला ओरिजनल बरा, हे मत मी इतक्या मेकॅनिकांकडून ऐकलं आहे की आता ते माझंच झालं आहे. लोकल बॉनेट बसतं, पण फेंडरशी फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला नखभर राहते. काढलेलं बॉनेट रंगवलं की काम संपलं. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेल्ट असल्या झिजणाऱ्या वस्तू मात्र काढलेल्या घेऊ नयेत. त्यात वाचतात ते पैसे फसवे.

आता कुणी विचारेल, कंपनीचा नवाच का घेत नाहीत? किंमत हे एक झालं. पण बरेचदा तो काउंटरवर मिळतच नसे. गाडी कंपनीच्या वर्कशॉपात आणा, आम्ही बसवतो, असा खाक्या. 2011 साली एका ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि ऑगस्ट 2014 मध्ये आयोगाने 14 गाडी कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून ठेवली, हा ठपका. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण भंगारवाल्याकडे जाणारा माणूस कंजूषच असतो ही समजूत अर्धवट आहे, एवढं त्या निकालाने लेखी झालं.

आणि ज्यांची कंपनीच निघून गेली त्यांनी काय करायचं? नव्वदच्या दशकात कल्याणला पूजो 309 बनायची; ती कंपनी थोड्याच वर्षांत आटोपली. मग देवू गेली. ओपल गेली. तळेगावात बीट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 2017 अखेर देशातली विक्री थांबवली, 2019 मध्ये फियाटचं नाव शोरूमवरून उतरलं, सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. जाताना प्रत्येक जण सुटे भाग मिळत राहतील असं सांगतो. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. ऑइल फिल्टर मिळत राहतो. मागच्या दाराच्या काचेचं रबर मिळत नाही. गाडी अडते ती अशा रबरावर. काही बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेता येतात, रबर किंवा डॅशबोर्डचं प्लास्टिक नाही येत. अशा गाडीवाल्यांनीच ऑनलाइन बाजार आधी धुंडाळला.

सुरुवात बाझी डॉट कॉमपासून धरता येईल. 2000 साली मुंबईत निघालेली ही लिलावाची साइट 2004 मध्ये ईबेने घेतली. तेव्हा तिथे भारतातले काढलेले पार्ट फार नव्हते, पण परदेशातला साठा पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. ब्रिटनमधले ब्रेकर, म्हणजे तिथले जुन्या गाड्या सुट्या करून विकणारे, एकेक स्क्रू फोटोसकट विकतात हे पाहून आपल्याकडचे लोक चक्रावले. त्यातही मेख होती. ब्रिटनचा पार्ट आपल्याला चालतो, कारण त्यांची गाडीही डावीकडून जाते. जर्मनीचा हेडलाइट बसला तरी त्याचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय भांडवली यंत्रं सोडून इतर जुन्या मालाच्या आयातीला परवान्याचं बंधन. कस्टमची अनिश्चितता वेगळीच. ऑगस्ट 2018 मध्ये ईबेचा भारतातला कारभार बंद झाला.

खरा बदल 2016 नंतरचा. यूपीआय त्याच वर्षी आलं, स्वस्त डेटाही. सीएसटी रोडचा किंवा दिल्लीच्या मायापुरीचा दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ धाडू लागला, एकेका मॉडेलच्या मालकांचे ग्रुप झाले, नाशिकच्या माणसाला चेन्नईच्या पुदुपेट्टैतला माल दिसू लागला. दुकानं बदलली नाहीत. ज्याला आपण ऑनलाइन म्हणतो त्याच्या मागे तीच गल्ली आणि तीच रास आहे, हे घेणाऱ्याने विसरू नये.

हात लावणं गेलं, त्याच्या जागी फोटो आला. हेडलाइटच घ्या. विकणारा पुढून फोटो काढतो, काच बफ मारून चकचकीत केलेली. पण हेडलाइट मरतो मागून. गाडीला टेकवणारे प्लास्टिकचे कान ठोकर लागली की आधी तुटतात, आणि चिकटवलेला कान खड्ड्याखड्ड्याने सैल होऊन प्रकाश थरथरू लागतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक काचेबद्दल विचारतच नाही. 'कान दाखवा' म्हणतो. मग मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर मागतो. दार-खिडकीच्या काचेवर तर कंपनीच्या नावाखाली वर्षाचा आकडा आणि शेजारी महिना सांगणारे ठिपके असतात. 2012 च्या गाडीची म्हणून दाखवलेली काच 2016 ची निघाली तर काय समजायचं ते समजावं.

पार्ट नंबर ही या काळाने सामान्य गाडीवाल्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट, असं मला वाटतं. पूर्वी हे ज्ञान काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात असायचं आणि त्याचा तो भाव लावायचा. आता एक नंबर कुठल्या कुठल्या गाड्यांत बसतो ते कुणीही ताडून पाहतो. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन याचं ठळक उदाहरण. लिनिया-पुंटोत ते होतं, टाटाच्या व्हिस्टा-मांझात होतं, आणि मारुतीने स्विफ्टपासून अनेक मॉडेलांत घातलं. 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर ते थांबलं. फियाट गेली तरी लिनियावाल्याला स्विफ्टचे बरेच भाग उपयोगी पडतात. सगळे नाहीत, सेन्सर, पाइप, टर्बो यांत फरक आहेत, आणि 'वही है साब' म्हणणाऱ्याला ते माहीत असतात.

विजेवर चालणाऱ्या भागांनी मात्र हा सगळा हिशेब बिघडवला. पुराचंच घ्या. 26 जुलै 2005 ला मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात शिरलं, डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई बुडाली. बुडालेल्या गाड्या विम्यात टोटल लॉस होतात. दुरुस्ती विम्यातल्या किमतीच्या पाऊण हिश्शावर गेली की विमा कंपनी गाडी सोडून देते आणि सांगाडा लिलावात जातो. अपघातातल्या सांगाड्यातून उत्तम माल निघतो, पुरातल्याही दरवाजांना काही झालेलं नसतं. पण त्यातला ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, फोटोत कोरडा दिसतो आणि सहा महिन्यांनी आतून हिरवा पडतो. ईसीयू कोरडा असला तरी एकटा घेऊन भागत नाही. इमोबिलायझर आणि किल्ली जोडीने आली नाही तर गाडी सुरूच होत नाही. म्हणून विकणारे 'सेट' विकतात. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या गाडीचा मीटर लावला तर तो कंपनीच्या सर्व्हरकडून मोकळा करून घ्यावा लागतो. पार्ट अस्सल, पैसे दिलेले, बसलेलाही नीट, आणि तरी निरुपयोगी. चोरीला आळा बसतो हे समर्थन मला पटतं. पण त्याच कुलपाने गॅरेजवाल्यालाही बाहेर ठेवलं जातं, आणि त्यावर 2014 मध्येच दंड झाला होता.

चोरीचा विषय टाळून हा मागोवा पुरा होणार नाही. मेरठच्या सोतीगंजात चोरीच्या गाड्या उघड कापल्या जात. डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला, तोवर देशभरच्या मालात तिथला माल किती मिसळला हे कोण सांगणार? चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, आणि 'कुठल्या गाडीतून निघाला' या प्रश्नाला जाहिरातीत रकानाच नाही. पैसे येणार म्हणून क्यूआर स्कॅन करायला लावणाऱ्यांबद्दल आपण एकमेकांना सावध करतो. याबद्दल नाही, कारण इथे लुटला जाणारा दुसराच कुणी असतो. इंजिनाचं तेवढं वेगळं. त्याचा नंबर आरसीवर असतो, आणि आरटीओची परवानगी न घेता बदललेलं इंजिन पुढच्या विक्रीला किंवा विम्याच्या दाव्याला आडवं येतं.

2021 च्या वाहन-भंगार धोरणाने आणि नियमांनी अधिकृत भंगार केंद्रं आली. तिथे नोंद होते, गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं. माझ्या नजरेला तरी ती अजून लोखंडाची केंद्रं वाटतात. तिथल्या पार्टवर गाडीचा चेसिस नंबर लिहून तो ऑनलाइन विकला गेला तर मी सीएसटी रोडपेक्षा जास्त पैसे मोजीन. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला; अनेक भागांवर तो आधी 28 होता. चालू गाड्यांचा नवा माल त्याने काहीसा आवाक्यात आला आणि काढलेल्याचा भावही खाली आला पाहिजे. पालिओ किंवा बीटवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. ज्या दाराच्या रबराचा नवा नगच निघत नाही, त्यावरचा कर कमी झाला काय आणि वाढला काय; त्याचा भाव ज्याच्याकडे शेवटचं रबर शिल्लक आहे तो ठरवतो.