घासाघीस : सोनाळ्याच्या बाजारातला दस्तूर आणि त्याची हद्द

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. संत सोनाजी महाराजांचे स्थान आणि जवळच सुरू होणारे अंबाबरव्याचे अभयारण्य यांमुळे बाहेरच्या लोकांना त्याचे नाव ठाऊक असते. आम्हा कापडवाल्यांना मात्र ते गाव ठाऊक आहे ते तिथल्या आठवडी बाजारामुळे. एका बाजूला वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस पिकविणारा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातून उतरून येणारा कोरकू, भिलाला, निहाल आदिवासी, असे दोन्ही तऱ्हेचे गिऱ्हाईक इथे एकाच ताडपत्रीखाली उभे राहते. कापडाच्या ताग्यावर किंवा साडीच्या घडीवर भावाची चिठ्ठी नसते. भाव तोंडाने सांगायचा, तोंडानेच तोडायचा.

शहरातून आलेला नोकरदार माणूस इथे एक आरोप हमखास करतो. तुम्ही लोक वाटेल तो भाव सांगता आणि मग खाली उतरता, म्हणजे मुळात ही फसवणूकच नाही का? या आरोपात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे धंद्यातल्या माणसांनीच खुलेपणाने सांगितलेले बरे.

आधी मालाचा हिशेब पाहू. आमचा सुती माल प्रामुख्याने मालेगाव आणि बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवरून येतो. छापील साड्या सुरतेच्या. चादर, टॉवेल, सतरंजी यांचे वेगळे ठोक व्यापारी अकोला-खामगावला बसतात. हा माल छोट्या टेम्पोत भरून आज सोनाळा, उद्या टुनकी, परवा वरवट बकाल किंवा हिवरखेड असा फिरवावा लागतो. गाडीभाडे, हमाली, ग्रामपंचायतीची बाजार वसुली आणि सोबतच्या पोराची रोजी हा खर्च माल विकला गेला नाही तरी द्यावाच लागतो. पावसाने बाजार मोडला तर तो दिवस अंगावर. यामुळे एका नगावर अमुकच नफा असे ठरवून आठवडी बाजारात बसता येत नाही. पोळा, दिवाळी, ईद आणि लग्नसराईत जे सुटते त्यावर आषाढाचे रिकामे बाजार निघतात.

आता प्रत्यक्ष घासाघीस कशी होते ते पाहा. समजा मालेगावी नऊवारी लुगडे आहे आणि आम्हाला ते घरपोच चारशे दहाला पडले आहे. बाई येते ती सरळ त्या लुगड्याला हात लावीत नाही. शेजारची दोन उलथापालथी करून नावे ठेवते आणि मग सहज म्हणून विचारते,

"कितीले देता हे लुगडं, मामू?"

"सहाशेले, माय. मालेगावचा माल आहे, पक्का रंग."

"सहाशे? सोन्याचे काठ लावले काय याले?"

"तुमी बोला ना."

"साडेतीनशे."

इथून खरे काम सुरू होते. बाई पदर उन्हाकडे धरून वीण किती दाट आहे ते पाहते. अंगठा ओला करून काठावर घासते, रंग सुटतो का याची परीक्षा घेते. कोपरापासून बोटापर्यंत हात टाकीत लांबी मोजते आणि पन्हा कमी भरला तर तोंडावर सांगते. या तपासणीत तिला कोणी फसवू शकत नाही, कारण तिने जन्मभर तेच नेसले आहे. आमच्याकडून उत्तर जाते, मागच्या साली घेतलेले विटले का ते सांगा. मग ती उठून चालू लागते. दहा पावलांच्या आत हाक मारली तर तिला कळते की अजून जागा आहे. हाक आली नाही तर तिलाही कळते की आपण फार खाली बोललो. शेवटी,

"या माय, इकडे या. शेवटचं बोला."

"साडेचारशे, अन् वरून झंपराचा तुकडा."

"पाचशे द्या अन् झंपर घेऊन जा."

सौदा चारशे ऐंशीला तुटतो. झंपराच्या तुकड्याचे पैसे वजा केले तर आमच्या हाती तीस-पस्तीस रुपये राहतात, आणि बाजारखर्च त्यातूनच जायचा. बाईने सहाशेचे लुगडे चारशे ऐंशीला आणले म्हणून घरी तिची तारीफ होते. पण सहाशे हा भाव नव्हताच, हे ती जाणते आणि आम्हीही जाणतो. तो बोलण्याला सुरुवात करण्याचा आकडा होता. ज्या शब्दाचा खरा अर्थ दोन्ही बाजूंना माहीत आहे त्याला खोटे म्हणणे कठीण आहे.

लग्नाच्या बस्त्याची गोष्ट निराळी. तिथे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दुकानात गादीवर बसतात, चहा होतो, नगागणिक कोणी फारसे तोडत नाही. सगळा ढीग लागल्यावर एकदाच बेरजेवर भाव होतो आणि तो करण्याचा मान घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा. बिलाच्या शेवटी मानपानाचे एखादे पातळ दुकानदाराने स्वखुशीने टाकायचे. न टाकणाऱ्याकडे त्या घरातले पुढचे लग्न येत नाही.

दुकानदाराला शंभर नगांची खरेदी तोंडपाठ राहत नाही. म्हणून घडीच्या आत एक खूण लिहिलेली असते. बहुतेक व्यापारी दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवून त्यातली अक्षरे आकड्यांच्या जागी वापरतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेव्हा आमची खूण अबजदची : अलिफ म्हणजे एक, बे म्हणजे दोन, जीम तीन, दाल चार. जीम, बे, दाल असे ओळीने लिहिले की तीनशे चोवीस. जुन्या लोकांच्या अबजदात अक्षरांच्या किमतींची बेरीज करतात, आमच्या घडीवर ती आकड्यासारखी ओळीने मांडली जातात, एवढाच फरक. या खुणेखाली सहसा उतरायचे नाही. अपवाद सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा. बोहनीचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले तर दिवस खराब जातो अशी समजूत आहे, आणि चतुर बाया हे ओळखून सकाळीच येतात.

ही समजूत आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. अलीकडे आपल्या भागातले लोकही व्हिएतनामला सहलीला जाऊ लागले आहेत. तिथल्या हो ची मिन्ह शहरातला बेन थान्ह बाजार १९१४ सालच्या इमारतीत भरतो, हनोईचा डोंग शुआन बाजार त्याहून जुना, १८८९ चा. दोन्हीकडे कापड, तयार कपडे आणि किराणा यांची दाट गर्दी. चढा भाव मुद्दाम सांगण्याला तिथल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि पहिल्या विक्रीलाही आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने नुसती घासाघीस केली आणि काही न घेता गेले, तर काही दुकानदार कागद पेटवून अपशकुन घालवितात. सोनाळ्याच्या बाईला तिथे नेऊन सोडले तर भाषा आली नाही तरी तिचे अडणार नाही. अडेल तो आपला सहलीचा माणूस. त्याला ना तिथल्या कापडाची पारख, ना चालू भावाची खबर. परका म्हणून त्याला सांगितलेला चढा आकडा तो खरा मानतो.

उलट, एकच भाव ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. इंग्लंडात क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात धर्मभावनेतून ती धरली. एक सांगायचे आणि दुसरे घ्यायचे हे त्यांना खोटे बोलणे वाटे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बाँ मार्शेसारख्या मोठ्या दुकानांनी ठरलेल्या भावाच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि त्याचे एक कारण धंद्याचे होते. पगारी नोकरांच्या हाती भाव तोडण्याचा अधिकार कोणता मालक देईल? घासाघीस जिथे मालक स्वतः समोर बसतो तिथेच चालते.

शरीयतच्या दृष्टीने घासाघीस मना नाही. खरेदीची किंमत न सांगता दोघांनी बोलून ठरविलेल्या विक्रीला फिकहमध्ये मुसावमा म्हणतात, खरेदी आणि नफा दोन्ही सांगून केलेल्या विक्रीला मुराबहा. दोन्ही जायज आहेत. मना आहे ते मालातला ऐब लपविणे, मापात मारणे, खोटी शपथ खाऊन माल खपविणे, दोघांचा सौदा चालू असताना तिसऱ्याने मध्ये घुसणे, आणि नजश, म्हणजे स्वतःला घ्यायचे नसताना भाव चढविण्यासाठी खोटी बोली लावणे. बाजारात आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा करून "मी पाचशेला नेतो" असे बोलविणारे आहेत. त्यांना हे ऐकून वाईट वाटले तर वाटो.

परंतु या सगळ्यात खरा प्रश्न राहतो तो भाव न करणाऱ्या माणसाचा. डोंगरातून येणारे जुने आदिवासी गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. बोललेला शब्द म्हणजे बोललेला शब्द, अशी त्यांची रीत. तो भाव विचारतो, परवडत असेल तर कमरेची गाठ सोडून पैसे ठेवतो, परवडत नसेल तर काही न बोलता पुढे जातो. आता हिशेब करा. जो सहाशेचा आकडा वऱ्हाडी बाईसाठी बोलण्याची सुरुवात आहे, तोच या माणसासाठी शेवट होतो. वरचे एकशे वीस रुपये त्याने कशाचे दिले? त्याच्याहून बऱ्या स्थितीतल्या, चार शब्द बोलता येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेल्या सुटीची भरपाई त्याच्या खिशातून झाली.

जुन्या बाजारकरूंचा यावर एक दस्तूर होता आणि आम्ही तो वडिलांकडून घेतला. भाव न करणाऱ्याला पहिलाच आकडा शेवटचा सांगायचा. लुगडे असेल तर चारशे ऐंशी, झंपराच्या तुकड्यासह. यासाठी माणूस ओळखावा लागतो आणि दोन गिऱ्हाइके शेजारी शेजारी उभी असली की पंचाईत होते, कारण एकाला सांगितलेला भाव दुसरी ऐकते आणि तिथूनही खाली ओढते. नव्या पोरांना ही दगदग नको असते. काही तर आदिवासी गिऱ्हाईक पाहून आकडा आणखी चढवितात. याला घासाघीस म्हणता येणार नाही. घासाघिशीला दोघे बोलणारे लागतात.

आणि आपल्या शेतकऱ्याने याला हसू नये, कारण माल विकताना तो स्वतः त्याच जागी उभा असतो. एकेकाळी कापसाचे सौदे रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार फडक्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा कापूस तो शेतकरी बाजूला उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाही. अशा गोष्टींना आळा बसावा म्हणून बाजारावर नियम आणण्याची सुरुवात याच वऱ्हाडात झाली. कारंजा येथील कापूस बाजार १८८६ साली नियमनाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव व्हावा असा नियम आहे. पण पैशाची नड असलेला शेतकरी आजही खेडा खरेदीत घराच्या ओट्यावरच कापूस देतो. भाव व्यापाऱ्याच्या फोनवरून येतो, कडता तोच ठरवितो, काटाही त्याचाच. आदल्या दिवशी क्विंटलमागे काय गेले याचा पत्ता नसलेले तेच घर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दहा रुपयांसाठी अर्धा तास बोलते. आम्ही त्यांना दोष देत नाही. लुगड्याची पारख त्यांना आहे आणि भाव चार दुकानांत विचारता येतो. तिथे ते जोर लावतात.

मोबाईल आल्यापासून यात फरक पडला. डोंगरातली शिकलेली मुले आता फोनवर साडीचे चित्र दाखवून विचारतात, ही इथे दोनशे नव्वदला आहे, तुम्ही चारशे कसे सांगता? कापड हलके आहे हे त्यांना हातात घेतल्याशिवाय पटत नाही, आणि फोनमध्ये हात घालता येत नाही. कित्येक जण बाजारात येईनासे झाले आहेत. ज्यांनी त्यांच्या आईबापांकडून चढे भाव घेतले, त्यांची दुकाने आधी ओस पडली.

आम्ही गेल्या दोन वर्षांपासून टॉवेल, गमछे, लुंग्या, चादरी आणि शाळेचे गणवेश यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. या मालात पारखण्यासारखे फार नसते, सगळा एकसारखा. नफा कमी धरून एकच भाव ठेवला. लुगडी आणि साड्या मात्र पूर्वीसारख्या बोलण्यावर ठेवल्या, कारण तिथे चिठ्ठी चालत नाही. एका म्हाताऱ्या बाईने गमछ्यावरची चिठ्ठीच तोडून हातात ठेवली आणि म्हणाली, "हे तुमचं झालं, आता मायं आयका." तिला दहा रुपये सोडावे लागले. डोंगराकडचे गिऱ्हाईक चिठ्ठी वाचते, पैसे मोजते आणि माल उचलते. काहींना अक्षरे येत नसली तरी नोटेवरचा आकडा ओळखता येतो, म्हणून आम्ही चिठ्ठीवर आकडा नोटेवरच्यासारखा मोठा आणि सुटा काढतो.