नळीतलं तांबं

खंडेनवमीला चामराजपेटेतून दुचाकी चालवायची तर नजर रस्त्यावरून हलवता येत नाही. कर्नाटकात या दिवसाला आयुधपूजा म्हणतात, आणि बंगळुरात आयुध म्हणजे रिक्षा, टेम्पो, बस, छापखान्यातलं यंत्र, सगळंच. चाकांपुढे कोहळे फुटतात, कुंकवानं माखलेला गर डांबरावर पसरतो आणि मागून येणारा घसरतो. खरीखुरी आयुधंही या भागात आहेत. मैसूर रोडवर शहर पोलिसांच्या सशस्त्र राखीव दलाचं मुख्यालय आहे आणि पोलिसांच्या शस्त्रागारांत या दिवशी रायफलींना हळदकुंकू लागतं. शेजारच्या गवीपुरमला मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या शहरात आहे. ज्या घरात परवान्याची रायफल आहे तिथे तीही खंडेनवमीला कपाटातून बाहेर येते.

पूजेआधी रायफल पुसतात. दस्त्याच्या लाकडाला तेल, लोखंडाला फडकं. रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून कुणी नळीतून उजेडाकडे पाहिलंच तर आतून ती चकाकते आणि पाहणाऱ्याचं समाधान होतं. हे समाधान पुष्कळदा खोटं असतं, कारण चकाकणारा थर पोलादाचा असेलच असं नाही. तो तांब्याचा असू शकतो.

जुन्या बंदुकांना हा त्रास नव्हता. चामराजपेटेच्या हद्दीला लागूनच बंगळूरचा जुना किल्ला आहे. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसनं तो टिपूकडून जिंकला आणि मे महिन्यात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या. त्या मोहिमेत दोन्ही बाजूंच्या बंदुका शिशाच्या गोल गोळ्या झाडत होत्या. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार होऊन मागे उरतो. नळी काजळीनं भरायची, पण ती पाण्यानं धुता यायची. तांबं नळीत शिरलं ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

फ्रान्समध्ये पॉल व्हिएयनं १८८४ साली धूर न करणारी दारू बनवली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. शिसं मऊ असतं, ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. इतक्या वेगात ते नळीतल्या चरांना धरून फिरण्याऐवजी सोलून निघू लागलं. उपाय आधीच तयार होता: स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिननं १८८२ मध्ये शिशाच्या गोळीला तांब्याचं कवच चढवलं होतं. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे चर कोरलेले असतात. गोळी त्यांत रुतते, फिरते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हणून घराघरांत माहीत असलेल्या ली-एनफिल्डच्या नळीत असे पाच चर असतात आणि दर दहा इंचांत त्यांचा एक फेरा पूर्ण होतो. गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगानं निघते, म्हणजे स्वतःभोवती सेकंदाला जवळजवळ २९०० वेळा फिरते. एवढ्या घर्षणात कवचाचा बारीकसा अंश नळीला चिकटणारच. पुढची गोळी त्यावरून जाते आणि आपला अंश टाकते. मध्ये दारूची काजळी बसते, तिच्यावर पुन्हा तांबं. असे थर साचत जातात.

थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं पुण्याजवळ खडकीलाही बनत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसतात ती तिथलीच. या गोळ्यांचं सुरुवातीचं कवच शुद्ध तांब्याचं नव्हतं, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं होतं. पूर्वीचं रुपयाचं नाणं ज्या जातीच्या धातूचं असे, त्याच जातीचा हा धातू. दिसायला देखणा, पण नळीत त्याच्या गाठी बसत आणि त्या घासून निघत नसत.

मग सैन्यांनी रसायनाचा आधार घेतला. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे नेमबाज नळीचं एक तोंड बुचानं बंद करत, दुसऱ्या तोंडाला रबरी नळी जोडत आणि आत तीव्र अमोनिया, अमोनियम परसल्फेट आणि अमोनियम कार्बोनेट यांचं द्रावण ओतून ठेवत. ते तांबं आणि निकेल दोन्ही विरघळवायचं. मात्र नळीत वाळलं तर पोलादालाही खड्डे पाडायचं.

१९२१ च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी अमेरिकनांनी वेगळीच शक्कल लढवली. गोळ्यांना चक्क कथिलाची कल्हई केली. नळी साफ राहिली, पण काही दिवसांत कल्हई पितळेच्या काडतुसाशी सांधली जाऊन गोळी घट्ट बसू लागली. त्यात नेमबाजांना गोळीला ग्रीस लावायची सवय. गोळी सुटायला जोर जास्त लागला, दाब धोक्याच्या वर गेला आणि रायफली फुटल्या. पुढच्याच वर्षापासून तिथे तांब्यात थोडं जस्त घातलेल्या मिश्रधातूचं कवच आलं. शंभरात नव्वद ते पंचाण्णव भाग तांबं आणि उरलेलं जस्त, हे प्रमाण आजही जगभर चालतं. गाठी गेल्या, पातळ मुलामा राहिला.

कथिलाची कल्पना मात्र वाया गेली नाही. तोफगोळ्याला तांब्याचा पट्टा असतो आणि तोही तोफेच्या नळीत तांबं सोडतो. फ्रेंच तोफखान्यानं दारूसोबत कथिलाची पट्टी ठेवली. जळताना कथिल तांब्याशी मिसळतं, थर ठिसूळ होतो आणि पुढच्या गोळ्याबरोबर निघून जातो. पुढे तोफांच्या दारूत शिशाचा पातळ पत्रा घालण्याची रीतही रूढ झाली.

हे सगळं आज कुणाच्या कामाचं? मराठी मुलुखात रायफल म्हटलं की लोकांना नेमबाज आठवतात. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. दोघांचीही ही पदकं पन्नास मीटरची, म्हणजे पॉइंट टू-टू रायफलीची आहेत. तिची सामन्यांतली गोळी कवच नसलेल्या शिशाची, वेग आवाजाच्या आसपास. तिथे तांबं साचत नाही. साचतात शिसं, मेण आणि काजळी. एनसीसीच्या मुलांच्या पॉइंट टू-टूचंही तेच. तरीही अशा रायफलीसाठी तांबं काढणाऱ्या महागड्या बाटल्या विकत घेणारे पालक भेटतात. ते पैसे गोळ्यांवर खर्च केलेले बरे.

तांब्याचा खरा संबंध येतो तो पोलिसांच्या आणि सैन्याच्या रायफलींशी, आणि खासगी परवान्यावरच्या ३१५ बोअर किंवा थर्टी-नॉट-सिक्सशी. थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, म्हणून इशापूरच्या कारखान्यानं ३१५ बोअरची रायफल नागरी बाजारासाठी बनवली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, शिकार थांबली आणि या रायफली कपाटात गेल्या. वारसानं त्या मुलाकडे, नातवाकडे आल्या. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली, तेव्हा तिसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. म्हणून आपल्याकडे वापरलेली रायफल म्हणजे फार झाडलेली नव्हे, फार पडून राहिलेली रायफल. शेवटची गोळी आजोबांनी झाडली आणि नळी तशीच ठेवून दिली, हा प्रकार नेहमीचा.

त्यात भर निवडणुकीची. आचारसंहिता लागली की बंगळूर असो वा बुलढाणा, बहुतेक परवानाधारकांना शस्त्रं पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागतात. दोनेक महिने रायफल कुणाच्या तरी मांडणीवर उभी राहते. पावसाळी हवेत तांब्याच्या आणि काजळीच्या थराखाली ओल धरली तर पोलाद गंजतं आणि त्याला बारीक खड्डे पडतात. खड्डे पडलेली नळी खरखरीत होते आणि खरखरीत नळी आणखी तांबं खरवडून घेते. तांबं स्वतः नळी खात नाही. ते खालचा गंज झाकून ठेवतं, आणि खरं नुकसान तिथे होतं.

साफसफाईचं पहिलं पाऊल काजळीचं. वर काजळी असेल तर तांब्याचं रसायन खाली पोचतच नाही. काजळीसाठी वेगळं द्रव येतं. ते लावून थोडा वेळ थांबायचं आणि ब्रश फिरवून चिंदी ओढायची. चिंदी हा शब्द फौजेतला: चार इंच बाय दोन इंचाचा सुती तुकडा. ती पुल-थ्रूच्या, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीच्या, फासात अडकवून ओढतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातून निवृत्त झालेल्या कुणालाही विचारा, ती किती घट्ट घालायची हे तो हातानं दाखवेल. चिंदी काळी यायची थांबली की मग तांब्याचं रसायन.

त्यातला कार्यकर्ता बहुधा अमोनिया असतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तो तांबं विरघळवतो आणि गडद निळा रंग येतो. चिंदी निळी किंवा हिरवट आली म्हणजे तांबं निघतंय. इथे फसगतही होते. साफसफाईच्या सळईच्या टोकाचं साधन पितळेचं असेल तर त्यातलंही तांबं विरघळतं आणि नळी साफ झाली तरी चिंदी निळीच येत राहते. म्हणून या टप्प्यावर नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचं किंवा पोलादी टोक वापरावं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा रसायन आत ठेवू नये, रात्रभर तर मुळीच नाही. खिडक्या उघड्या असाव्यात, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि जवळपास ब्लीचिंगचं पाणी नको: अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू सुटतो. अमोनिया नसलेली, फेसाची रसायनंही मिळतात. ती संथ असतात, पण जुन्या नळीला आणि घरच्या माणसांना सोसतात.

एका बैठकीत सगळं निघत नाही. तांबं निघालं की खालची काजळी उघडी पडते, म्हणून पुन्हा काजळीचं द्रव, पुन्हा तांब्याचं. चाळीस वर्षं पडून असलेल्या रायफलीला असे चारपाच दिवस लागले तर नवल नाही. घाई करणारे मग घासायला लागतात, आणि बिघाडाला तिथून सुरुवात होते. सांध्यांची सळई वाकते, वाकून चरांच्या कडांना घासते. शक्य असेल तिथे सळई मागून, म्हणजे काडतूस भरतात त्या बाजूनं घालावी. ली-एनफिल्डचा बोल्ट सहज निघतो, त्यामुळे ते सोपं आहे. पुढच्या तोंडाची कड एका बाजूनं झिजली तर गोळी सुटतानाच तिरकी ढकलली जाते, आणि नंतर कितीही साफ केलं तरी नेम परत येत नाही. तांब्यानं बिघडलेल्या नळ्यांपेक्षा सळईनं बिघडवलेल्या नळ्या अधिक असाव्यात, असं ही कामं जवळून पाहिल्यावर वाटतं.

घरगुती उपायांबद्दलही बोलायला हवं. तांब्याची घागर चिंचेनं उजळते, म्हणून नळीत चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर घालावं असं सुचवणारे आहेत. आंबट पदार्थ पोलादाला खातो, तेव्हा ते नको. ब्रासोत अमोनिया आणि बारीक खर दोन्ही असतात. तांबं निघतं, पण खर पोलादावरही चालते. कधीतरी हलक्या हातानं ठीक, दर महिन्याला नव्हे.

आणि किती साफ करायचं? नळीत घालायचे छोटे कॅमेरे आता स्वस्त झाले आहेत. त्यातून एखादी तांबूस रेघ दिसली की लोक घाबरतात. अनुभवी नेमबाज घाबरत नाहीत. पूर्ण उघड्या केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, आणि बारीक खाचा तांब्यानं भरल्यावरच नेम स्थिरावतो. म्हणून ते सामन्याआधी काही गोळ्या झाडून घेतात. शंभर मीटरवर गोळ्या जवळजवळ पडत असतील तर नळीला हात लावायचं कारण नाही. त्या पसरू लागल्या तर साफ करावी. तसंच जुनी रायफल घेताना निव्वळ चकाकी पाहून पैसे मोजू नयेत. विकणाऱ्या परवानाधारकाला तांबं काढून नळी दाखवायला सांगावं. खड्डे असतील तर ते तेव्हाच दिसतील आणि भाव त्यानुसार ठरवता येईल.

निवडणुकीत रायफल जमा करायची वेळ आली तर आदल्या दिवशी काजळी आणि तांबं काढून नळीत तेलाची पातळ चिंदी फिरवावी. परत मिळाली की आधी ती रिकामी आहे हे पाहावं, आणि पहिली गोळी भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंदीनं पुसून काढावं.